थांबा, नोंद होत आहे

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला एकदा सांगायला गेलो होतो — कोपरगावला, गोदावरीच्या पुलावर स्कूटर थांबवून — पण तोंडून निघालं ते वेगळंच. यंदा पाणी किती वर आलंय, असलं काहीतरी. ती म्हणाली, "हो ना." आणि आम्ही घरी गेलो. त्यामुळे हे कुठून सुरू करतात तेच मला ठाऊक नाही. मधूनच सुरू करतो.

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मी चोवीस वर्षांचा. पुण्याहून कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून आलेला, उसाच्या घरातला पहिला असा मुलगा की ज्याच्या हाताला माती लागत नव्हती. नगरमध्ये डोळ्यांचा एक धर्मादाय दवाखाना होता, तिथे मी कामाला लागलो. सगळे मला "कॉम्प्युटरवाले साहेब" म्हणत. डॉक्टरसुद्धा. आता हसू येतं, पण तेव्हा ते ऐकायला मी मुद्दाम ओपीडीतून चक्कर मारायचो.

दवाखान्यात मोतीबिंदूची शिबिरं व्हायची. मोतीबिंदू काढला की डोळ्यात भिंग बसवतात, आणि त्या भिंगाचा नंबर ज्याचा त्याचा वेगळा. मोजणीच्या खोलीत यंत्रावर डोळा मोजायचे, नंबर चिठ्ठीवर लिहायचे, चिठ्ठी नोंदणीच्या खोलीत यायची. तिथे ती कॉम्प्युटरवर भरायची आणि त्याची छापील यादी ऑपरेशनला जायची. हे भरण्यासाठी मी एक वेब पान तयार केलं होतं. इंटरनेटवरचं नव्हे — दवाखान्यातल्या दवाखान्यात चालणारं. एका खोलीत भरलं की दुसऱ्या खोलीत दिसायचं. नगरला तेव्हा ही नवलाची गोष्ट होती. निदान मला तरी तसं वाटत होतं.

ते पान भरायच्या सुमनताई. श्रीगोंद्याकडच्या. एकतीस-बत्तीस वर्षांच्या, बौद्ध घरातल्या. वडील साखर कारखान्यात कामगार. टायपिंगच्या परीक्षा त्यांनी रॉकेलच्या दिव्याशी अभ्यास करून दिलेल्या, मग इथे कारकुनीत लागल्या, आणि कॉम्प्युटर आला तेव्हा सगळ्यांच्या आधी शिकल्या. मी शिकवला, असं त्या सांगायच्या. खरं म्हणजे मी दोन दिवस शिकवला आणि बाकीचं त्याच शिकल्या. टेबलावर रुमाल अंथरून त्यावर कीबोर्ड ठेवायच्या. बोटं इतकी जलद चालायची की बघत राहावं.

आता जे सांगायचं त्यासाठी पान कसं चालायचं ते सांगावं लागेल. थोडक्यात सांगतो.

"जतन करा" दाबलं की पान आधी केसपेपरचा नंबर आणि नाव घेऊन आतल्या मोठ्या कॉम्प्युटरकडे जायचं, जुनी नोंद शोधायला. त्याला वेळ लागायचा. वीस सेकंद, कधी तीस. उत्तर आलं की मग भिंगाच्या रकान्यात त्या क्षणी जो आकडा असेल तो उचलून त्या नावापुढे ठेवायचं. त्या क्षणी जो असेल तो. म्हणून मधल्या वीस-तीस सेकंदांत कुणी काही टाइप करू नये, यासाठी मी पानाला कुलूप घातलं होतं. सगळं पान करडं व्हायचं, रकाने बंद पडायचे आणि मधोमध अक्षरं यायची — थांबा, नोंद होत आहे.

दाबल्या दाबल्याच आकडा बाजूला काढून ठेवता आला असता, मग कुलपाची गरजच पडली नसती. हे मला आज कळतं. तेव्हा सुचलं नव्हतं की सुचूनही कंटाळा केला? खूपदा आठवून पाहिलं. ठरवता येत नाही.

तर एके दिवशी विश्वस्त मंडळी पान बघायला आली. मी इस्त्रीचा शर्ट घालून उभा. सुमनताईंनी एक नाव भरलं, जतन दाबलं, पान करडं झालं. सगळे वाट बघत राहिले. वीस सेकंद फार मोठे असतात हो — दहा माणसं मागे उभी असली म्हणजे. एक वयस्कर विश्वस्त म्हणाले, "अडकलं का काय?" कुणीतरी म्हणालं, "आपली वहीच बरी होती." सगळे हसले. काही वाईट हेतूने नाही. चहा आला, मंडळी गेली.

आणि मी त्याच दुपारी कुलूप काढलं. कुलपाच्या ओळीच्या आधी दोन तिरप्या रेघा मारायच्या — तशा मारल्या की ओळ जागेवर राहते, पण कॉम्प्युटर ती वाचत नाही. बस. आता जतन दाबलं की पान अडकल्यासारखं दिसत नव्हतं. आत वेळ तेवढाच लागायचा, पण बाहेर कुणाला कळायचं नाही. पुढच्या वेळी मोठ्या डॉक्टरांनी पाहिलं आणि म्हणाले, "वा, जलद केलंत की." मी मान हलवली. काय जलद केलं होतं मी?

हे मी सुमनताईंना सांगितलं नाही. दोन ओळींत सांगता आलं असतं — ताई, आता कुलूप नाही, दाबल्यावर अर्धा मिनिट थांबत जा. पण सांगायचं म्हणजे कुलूप का काढलं तेही सांगायला हवं. ते मला सांगवेना. अशा साध्या गोष्टीची लाज का वाटते माणसाला?

त्यांच्या मात्र दोनच दिवसांत लक्षात आलं. मला त्यांचे शब्द जसेच्या तसे आठवतात. "सर, जतन दाबल्यावर आधी ते बंद व्हायचं. आता रकाने मोकळेच राहत्यात. पुढचा नंबर मधीच टाइप हुतोय. असं चालंल का?"

मी म्हणालो, "तुम्ही थोडं थांबायचं ना."

"थांबते हो. पन शिबिराला लाईन असती, बाहेर म्हातारी मानसं उभी असत्यात. ध्यानात न्हाई राहिलं तर?"

"बघतो," मी म्हणालो.

आठवडाभराने त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा म्हणालो, "बघतो." तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

मग शिबिर झालं. कर्जत-जामखेडकडून ट्रॅक्टर भरून माणसं आली होती. त्यात मिरजगावचा एक पेंटर होता, किसन पेंटर. साठीच्या आतबाहेरचा, सडपातळ, बोटांच्या नखांत रंग. हायवेवरच्या हॉटेलांच्या, खतांच्या दुकानांच्या, गॅरेजच्या पाट्या तो रंगवायचा. नोंदणीच्या रांगेत त्याने सुमनताईंच्या टेबलावरची 'नोंदणी' ही पाटी बघून सांगितलं होतं म्हणे, की "बाई, हा 'णी' कुनी लिवला? पोट लई मोठं केलंय." एवढं त्याला एका डोळ्यानेही दिसत होतं.

त्याचं भिंग वीस नंबरचं हवं होतं. चिठ्ठीवर वीसच होतं. यादीत पंचवीस छापलं गेलं. पंचवीस नंबर त्याच्या मागे उभ्या असलेल्या बाईचा होता. कळलं ना काय झालं? सुमनताईंनी पेंटरचं वीस भरलं, नाव भरलं, जतन दाबलं. पान शांत. झालं असं वाटून त्यांनी पुढची चिठ्ठी ओढली आणि पहिल्याच रकान्यात पंचवीस भरलं. भिंगाचा रकाना पहिला ठेवा, तो सगळ्यात महत्त्वाचा, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. तेवढ्यात आतून उत्तर आलं, आणि पानाने पंचवीस उचलून पेंटरच्या नावापुढे ठेवला.

महिन्याभराने तो तपासायला आला. मी फाइल द्यायला तिथे गेलो होतो, म्हणून ऐकलं. ओरडला नाही, तक्रारही नव्हती त्याच्या सुरात. तो जणू समजून घेत होता. "डॉक्टरसाहेब, जवळचं लई झ्याक दिसतंय. ब्रशाचा केस न् केस दिसतोय. पन पाटी लिवताना दोन पावलं मागं जाऊन बघावं लागतं बघा. मागं गेलं का अक्षर फुटतंय. पुढं आलो का परत जुळतंय. आसं कसं?"

डॉक्टरांनी चष्मा देऊन पाहिला. दोन डोळ्यांतला फरक इतका होता की चष्म्यातून एकच वस्तू दोन आकारांची दिसायची, आणि शिडीवर चढलं की त्याला गरगरायचं. भिंग बदलणं आता धोक्याचं, असं डॉक्टर म्हणाले. आणि मग त्यांनी चिठ्ठी मागवली, यादी मागवली, दोन्ही शेजारी ठेवली.

त्या दिवशी दुपारी मला निरोप आला की उद्या सकाळी नोंदणीच्या खोलीत सगळ्यांसमोर पान चालवून बघायचं आहे. सुमनताई म्हणताहेत की नोंद होत असताना रकाने मोकळे असतात, म्हणून असं झालं असेल. खरं-खोटं करू.

जेवणाच्या सुट्टीत सगळे डबे घेऊन बाहेर लिंबाखाली बसले होते. मी आत गेलो. फाइल उघडली. दोन तिरप्या रेघा पुसल्या. फाइल बंद केली. मग बाहेर येऊन मीही डबा उघडला. सुमनताईंनी मला मेथीची भाजी दिली. मी ती खाल्ली.

इथे मी नेहमी अडतो. फाइल उघडताना माझ्या मनात नक्की काय होतं? मी कितीदा स्वतःला सांगितलं आहे की मी चूक सुधारत होतो — निदान उद्यापासून तरी कुणाचा नंबर चुकणार नाही. हे खोटं नाही. पण मग सुट्टीतच का गेलो? सगळ्यांसमोर का नाही? आणि सुधारून झाल्यावर बाहेर येऊन एक वाक्य का नाही बोललो? जितकं खोदतो तितका गोंधळ वाढतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठे डॉक्टर, व्यवस्थापक, मोजणीच्या खोलीतले दोघे आणि आम्ही. सुमनताई खुर्चीवर बसल्या. त्या निश्चिंत होत्या. खरं सांगणाऱ्या माणसासारख्या. "हे बघा," म्हणाल्या, "आता मी जतन दाबते, आनि लगेच दुसरा नंबर टाकून दावते."

त्यांनी दाबलं. पान करडं झालं. त्यांनी आकडा दाबला, काहीच उमटलं नाही. पुन्हा दाबला. पुन्हा. पडद्याच्या मधोमध माझीच अक्षरं — थांबा, नोंद होत आहे.

त्यांनी कीबोर्ड उचलून पाहिला. वायर पाहिली. मग पडद्याकडे अशा बघत राहिल्या की जणू तिथे आपल्याच घराच्या जागी दुसऱ्याचं घर दिसतंय.

"हे असं नव्हतं," त्या म्हणाल्या. "आधी बंद व्हायचं, मग मोकळं राहायला लागलं... मी सरांना सांगितलं हुतं. दोनदा. सर, सांगा ना."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, "कुलूप पहिल्यापासूनच लिहिलेलं आहे."

वाक्य नीट बघा. त्यात एकही शब्द खोटा नाही. लिहिलेलं होतंच ते, पहिल्यापासून. हे वाक्य मी आदल्या दिवशी जुळवून ठेवलं होतं का? की ते आपोआप आलं? मला खरंच माहीत नाही. पण बोललो ते मीच.

"आणि त्या म्हणतात ते? तुम्हाला सांगितलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"पान हळू आहे असं काहीतरी म्हणाल्या होत्या," मी म्हणालो. हे मात्र सरळ खोटं होतं.

सुमनताईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर मी कदाचित तुटलो असतो. पण त्या नजरेत राग नव्हता. त्या खरोखर आठवत होत्या. माझ्या तोंडाकडे बघून स्वतःची आठवण तपासत होत्या — हे कॉम्प्युटरवाले, यांना माहीत असणार, मग आपलंच काही चुकत असेल. आणि मग त्या हळूच म्हणाल्या, "मग... माझ्याच हातून झालं असंल."

व्यवस्थापक म्हणाले, "आम्हाला तेच वाटत होतं." का वाटत होतं? त्यांच्या कामात आधी कधी एकही चूक सापडली नव्हती. त्या खोलीत दुसरं कुणी असतं, दुसऱ्या आडनावाचं, तर हे इतक्या सहज वाटलं असतं का? तेव्हा मी हा प्रश्न स्वतःला विचारला नाही. त्याचा फायदा मात्र घेतला. घेताना मला ते कळत होतं की नाही, हेही मला आज सांगता येत नाही, आणि हे सांगता न येणं मला फार घाणेरडं वाटतं.

त्यांना काढलं नाही. कॉम्प्युटरवरून उठवून केसपेपरच्या खिडकीवर बसवलं. तिथे त्या प्रत्येक नंबर मोठ्याने वाचायच्या. एकदा, मग बोट ठेवून पुन्हा, मग पेशंटला विचारून तिसऱ्यांदा. रांग खोळंबायची, लोक कुरकुरायचे. संध्याकाळी खिडकीची कडी लावली तरी दाराशी जाऊन परत यायच्या, हात लावून बघायच्या. आधी त्या अशा नव्हत्या. माझ्याशी मात्र पूर्वीसारख्याच बोलायच्या. एकदा म्हणाल्या, "सर, त्या पेंटरचं काय झालं हो? माझ्यामुळं त्याचं..." वाक्य पुरं केलं नाही त्यांनी. मी म्हणालो, "बरा आहे." मी चौकशीही केली नव्हती.

चौकशी पुढे केली, मिरजगावला काही कामाने गेलो तेव्हा. स्टँडजवळ बसला होता तो, मोटारसायकलची नंबरप्लेट मांडीवर घेऊन. पाट्या सोडल्या होत्या. आता फक्त हातात धरून लिहिता येईल तेवढंच लिहायचा. मी कोण ते त्याला आठवलं नाही आणि मी सांगितलं नाही.

अजून एक आहे. हे पहिल्यांदा सांगायला हवं होतं की काय, मला कळत नाही, कारण कदाचित हेच सगळ्यात वाईट आहे. त्या सकाळनंतर मी एकटा बसून त्या शिबिराची सगळी यादी पाहिली. लागोपाठच्या दोन माणसांना एकच नंबर, अशा चार जोड्या सापडल्या. पेंटरची धरून नव्हे — ती सोडून चार. आता लागोपाठच्या दोघांचा नंबर खरोखरच सारखा असू शकतो. नेहमी होतं तसं. किंवा त्या चारही जणांच्या डोळ्यांत मागच्या माणसाचं भिंग बसलं असेल. कळायला एकच मार्ग होता, चिठ्ठ्या काढून ताडून बघायचं. चिठ्ठ्या कपाटातल्या खोक्यात होत्या. किल्ली माझ्याकडे होती. मी खोकं काढलं नाही. दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत गेलं. जाताना मी तिथेच उभा होतो.

चार जण. एक पिंपळगावची म्हातारी होती, एवढं नाव आठवतं. त्यांना काय दिसत असेल? "वयानं असंच दिसायचं," म्हणून गप्प बसले असतील का? की काहीच झालं नव्हतं? आजही रस्त्यात कुणी म्हातारं माणूस पुढे मागे होऊन बसची पाटी वाचताना दिसलं की मी रस्ता ओलांडून पलीकडे जातो. ते नगरकडचं नसलं तरी.

सुमनताईंनी वर्षभरात नोकरी सोडली, श्रीगोंद्याला परत गेल्या. मी पुढे मोठ्या कंपनीत लागलो, शहर बदललं, पगार बदलला. खूप वर्षांनी श्रीगोंद्याच्या स्टँडवर त्या भेटल्या. केस पांढरे झालेले. त्यांनीच ओळखलं. "सर! किती दिसांनी!" चहाला घेऊन गेल्या. मधेच थांबून म्हणाल्या, "एक इचारू का सर? राग मानू नका. मला आपलं अजून वाटतं, ते रकाने मोकळेच असायचे. माझ्या डोळ्यापुढं दिसतंय बघा तसं. पन त्या दिवशी तर बंद हुते. मग मी काय बघितलं? तुमाला काय आठवतंय का?"

दवाखाना बंद पडून गेला होता. डॉक्टर वारले होते. मला कुणी काही करणार नव्हतं. समोर एक बाई होती, तिला फक्त एवढंच हवं होतं की आपलं डोकं तेव्हा ठिकाणावर होतं.

मी म्हणालो, "इतकं जुनं कुठं आठवतंय, सुमनताई."

"व्हय, तेबी खरंच," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. "मला तरी कुठं नीट आठवतंय."

त्यांची गाडी लागली. त्यांनी खिडकीतून हात केला. मीही केला.